वहिनी, तू मॅडमना काय सांगितलंस?

वहिनी, तुझ्या पिंडाला कावळा शिवला नाही.

नदीकाठी पिंड मांडून आम्ही सगळे लांब जाऊन उभे राहिलो. समोरच्या जांभळावर कावळे होते. एरवी आपल्या पडवीत येऊन तुझ्या हातातली भाकरी पळवायचे, तेच असावेत. पण हलेनात. मग आपल्याकडं होतं ते सुरू झालं. एकेकानं पुढं व्हायचं, हात जोडायचे, गेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली असेल ते ओळखायचं आणि तसा शब्द द्यायचा. आई म्हणाली, पोरांना मी बघीन. तुझा भाऊ म्हणाला, भाचे दिवाळीला मामाकडं येत राहतील. तुझा थोरला म्हणाला, आयटीआय पुरं करीन. कोणीतरी आठवण केली की तुला वणीला देवीला जायचं होतं आणि राहून गेलं, तर दादानं तोही शब्द दिला. कावळे आपले बसून.

मग दादा माझ्याकडं वळला. "तूच सांग आता. दवाखान्यात ती काय बोलायची ते तुलाच माहीत."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं. मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खरं होतं, पण तिथं एकाचाही त्यावर विश्वास बसला नाही. मागून आत्याबाई बोलल्याच, एवढी शिकली, त्याच दवाखान्यात बसती, आन् म्हणे माहीत नाय. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. ऊन वाढलं होतं, माणसं घराकडं वळली. दादा तिथंच उभा राहिला, जांभळाकडं बघत.

तिथं मला जे बोलता आलं नाही ते इथं लिहिते आहे. तू आता वाचणार नाहीस, आणि होतीस तेव्हाही माझं लिहिलेलं तू वाचत नव्हतीस. "तुमी वाचून दाखवा," म्हणायचीस.

तू आपल्या घरात आलीस तेव्हा मी दप्तर घेऊन घोटीच्या शाळेत जात होते. तुझ्याहून कितीतरी लहान, तरी नणंद म्हणून तू मला पहिल्या दिवसापासून "ताई" म्हणालीस आणि "तुमी" म्हणालीस. मी तुला सरळ "तू". उलटं होतं सगळं, पण दोघींना कधी उलटं वाटलं नाही. तू माझ्या वेण्या घालताना ओढायचीस आणि वर म्हणायचीस, "ताई, मान सरळ धरा, नायतर एक फटका देईन." एवढ्या अदबीनं फटक्याची धमकी दुसऱ्या कोणी दिली नसेल.

आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मी ते कधी लपवलं नाही आणि आजही लपवत नाही. बी.ए. झाले, मग नाशिकला राहून मानसशास्त्रात एम.ए. झाले, चांगल्या मार्कांनी. तिथल्याच सरकारी दवाखान्यात मानसिक आरोग्याच्या विभागात समुपदेशक म्हणून कंत्राटावर लागले, तेव्हा गावात पाटलांच्या ओट्यावर माझा सत्कार झाला. गाव मला डॉक्टर म्हणायला लागलं. कोणी म्हणायचं वेड्यांची डॉक्टर, कोणी म्हणायचं मनाची डॉक्टर. त्यांना समजावून सांगायचं काम तू आपल्या अंगावर घेतलंस. भाताच्या आवणीला, लावणीच्या चिखलात वाकल्या वाकल्या बायांना सांगायचीस, "डॉक्टर गोळ्या देतो. आमच्या ताई गोळ्या नाय देत. त्या समोर बसून ऐकून घेतात." एकीनं विचारलं, नुसतं ऐकायचा पगार मिळतो का? तू म्हणालीस, "मग? तुझा नवरा फुकट तरी ऐकतो का तुझं?"

विभागात माझ्या वर मॅडम होत्या. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हे त्यांचं पद. मी रुजू झाल्या झाल्या आमचा वाद सुरू झाला आणि तो पुढं वर्षभर चालला. मी रुग्णांशी बोलायचे, घरच्यांना समजवायचे, ते त्यांना आवडायचं. पण एखाद्या मुलाची बुद्धिमापन चाचणी घेऊन, निदान लिहून त्याखाली सही करायची, तर ती त्या मला करू द्यायच्या नाहीत. मी म्हणायचे, मला येतं. त्या म्हणायच्या, "तुला येत असेल. पण त्या कागदावर त्या मुलाचं पुढचं सगळं ठरतं. एम.ए.वर समुपदेशक होता येतं. ह्या खुर्चीला वेगळं शिक्षण लागतं." मान्यता असलेल्या संस्थेत दोन वर्षं पूर्णवेळ, दवाखान्यातच, रोज रुग्णांसमोर आणि रोज कोणाच्या तरी नजरेखाली. मग दिल्लीच्या परिषदेकडं नोंदणी. नोंदणीचा नंबर आला की सरकारी जाहिरातीतल्या त्या पदाला अर्ज करता येतो, त्याच्या आधी नाही. त्या कोर्सची नावं आणि नियम पुढं बदलत गेले, पण मुद्दा तोच. मला राग यायचा. आमच्यातलं एक माणूस एम.ए.पर्यंत पोचायला किती पिढ्या लागल्या, आणि ह्या म्हणतात अजून पुरं नाही.

तो राग मी संध्याकाळी घरी आले की तुझ्याजवळ काढायचे, चुलीपाशी. तू भाकरी थापत ऐकायचीस. आणि त्याच दिवसांत मला दिसायला लागलं की तू मधेच थांबतेस. पिठावर हात तसाच, तवा तापून धूर यायला लागलेला, आणि तू भिंतीकडं बघतेस. मी विचारलं तर "काय नाय." पहाटे उठून बघितलं तर तू आधीच जागी असायचीस.

एक दिवस कपडे वाळत घालताना तूच विषय काढलास. "ताई, तुमी दिवसभर परक्या बायांचं ऐकून घेता. माझं कधी ऐकणार?"

"बोल की. आत्ता बोल."

"तसं नाय. तिथं ऐकता तसं."

मी तुला सांगितलं की घरच्या माणसाला आम्ही बघत नाही. मी तुझी नणंद. उद्या तू माझ्या आईबद्दल काही बोललीस, दादाबद्दल बोललीस, तर मी कोणाच्या बाजूनं ऐकू? आणि तूही मला बघून बोलशील, तोलून बोलशील. तू पदराचं टोक पिळत उभी होतीस. म्हणालीस, "मग एवढं शिकून घरच्यांना काय उपेग?"

पुढं कितीदा तू हे चेष्टेनं म्हणालीस, माझा उसवलेला कुर्ता शिवायला घेताना, मला डबा बांधून देताना. वाद आपला तिथंच राहिला.

पुढच्या बुधवारी मी खोलीत एका रुग्णाच्या आईशी बोलत होते. दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर बघते तर तू. लग्नाकार्याला नेसतेस ती हिरवी साडी, मांडीवर पिशवी, हातात केसपेपर. घोटीहून पहिल्या एसटीनं येऊन, खाली रांगेत उभं राहून, स्वतःच्या नावाचा केसपेपर काढून तू आली होतीस. नंबर पुकारणाऱ्या मावशींनी तुला विचारलं, "कोणाला दाखवायचंय?" तू माझ्या दाराकडं बघितलंस, आणि बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणालीस, "जिचं शिक्षण पुरं झालंय, तिला."

मावशी आजही हे सगळ्यांना सांगतात.

मॅडमनी बाहेर येऊन मला विचारलं, ओळखतेस? मी म्हटलं, माझी वहिनी. "मग तू लांब राहा," म्हणाल्या, आणि तुला आत घेतलं. आत जाताना केसपेपर मावशींकडं दिलास तेव्हा त्यावरचं नाव मी वाचलं. मंदाबाई. इतक्या वर्षांत मी तुला ह्या नावानं एकदाही हाक मारली नव्हती. दार बंद झालं. माझ्यासमोरची बाई बोलत होती आणि माझा कान त्या दाराकडं होता. एकदा तुझं हसणं ऐकू आलं. मग काहीच नाही, बराच वेळ.

परत जाताना एसटीत तू खिडकीशी बसलीस, शेंगा सोलत. मी विचारलं बरं वाटलं का. वाटलं म्हणालीस. मी जरा वेळानं विचारलं, काय म्हणाल्या मॅडम? तू एक शेंग माझ्या हातावर ठेवलीस.

"इथलं इथंच राहतं, म्हणाल्या. तुमच्या मॅडमचा नियम हाय. तुमाला नाय का शिकवला?"

मागच्या सीटवरचा माणूस हसला. मला राग आला होता आणि मी तो गिळून बसले होते. पण तुझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि राग टिकेना. आपल्या घरात तुझं म्हणून काय होतं, वहिनी? पेटीची किल्ली आईच्या कमरेला. फोन सगळ्यांचा. माहेरून काय निरोप आला ते तुझ्याआधी ओसरीला कळायचं. तू कधी रडलीस, कधी बाजूला बसलीस, सगळं सगळ्यांना ठाऊक. आणि त्या दिवशी एसटीत तुझ्याजवळ पहिल्यांदा असं काहीतरी होतं, जे आपल्या घरातल्या कोणाचंच नव्हतं. तू ते पिशवीसारखं मांडीवर घेऊन बसली होतीस. मी तुझं ऐकून घेतलं असतं, तर तुला ते मिळालं नसतं. हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं आहे, आणि हे तुझ्या त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

त्यानंतर तू येत राहिलीस. कधी माझा डबा आणायचं निमित्त, कधी बाजाराचं. मग निमित्तंही सोडलीस. "गुडघ्याला दाखवत्यात, तसं मी झोपेला दाखवती," असं तूच गावात सांगितलंस, म्हणून मी इथं लिहू शकते, नाहीतर हेही लिहिलं नसतं. हळूहळू तुला झोप लागायला लागली. भाकरी करपायची थांबली.

आणि पुण्याच्या कोर्सला माझा नंबर लागला तेव्हा घरात कोणालाच आनंद नव्हता, तुझ्याशिवाय. आई म्हणाली, अजून शिकायचं? लग्न कधी करायचं? दादा म्हणाला, हातातलं काम सोडून परत विद्यार्थी व्हायचं हे कुठलं शहाणपण, आणि आवणीला माणूस कुठून आणायचं. आपल्याकडं आवणीला आणि कापणीला सावड असते. आज तू माझ्या खाचरात भात लावायचं, उद्या मी तुझ्या. प्रत्येक घरानं ठरलेल्या बाया द्यायच्या. माझं नाव आपल्या घरातून धरलेलं असायचं. तू वाढता वाढता म्हणालीस, "ताईंची सावड मी फेडती." आईनं विचारलं, दोन माणसांची? "दोन माणसांची. वकिलाला सनद लागते ना, आई? तसं ह्यांनाही लागतंय. त्या मॅडम जातील कधीतरी. मग त्या खोलीत अर्धवट शिकलेलं माणूस बसलं, तर बायांनी जायाचं कुठं?"

दादानं ताटात हात धुतला आणि तो उठला. ते त्याचं हो होतं.

पुण्यात माझी घमेंड बरीच उतरली. मी लिहिलेला पहिला अहवाल सरांनी खुणा करून परत दिला, दुसरा परत दिला, तिसराही. फोनवर तुला सांगितलं तर तू हसलीस. "माझी पण भाताची ओळ आईंनी उपटून परत लावायला लावली होती, पहिल्या सालाला. कमरेचा काटा ढिला झाला. पण मग कधी वाकडी नाय लागली." तू दर फोनला विचारायचीस, आज कोण आलं होतं? आणि मी सांगायला लागले की लगेच म्हणायचीस, "नाव नको." माझ्या सरांहून तूच कडक होतीस.

परत आले, नोंदणी झाली, जाहिरात निघाली, मुलाखत झाली. मॅडमच्या शेजारच्या खोलीत मी रुजू झाले. तू म्हणालीस, दारावर पाटी लागली की बघायला येते. पाटी सरकारी चालीनं यायची होती. आणि तुझी कावीळ तिच्याआधी आली.

तू वॉर्डात होतीस तेव्हा मी दुपारी वर यायचे, तुझ्या कॉटवर बसायचे. डोळे पिवळे, आवाज खोल गेलेला. एकदा म्हणालीस, "आज कोण म्हणून बसलाय? नणंद म्हणून का मॅडम म्हणून?"

मी म्हटलं, नणंद.

"मग पाय दाबा."

मी दाबले. शेजारच्या कॉटवरची बाई बघत राहिली, गळ्यात ओळखपत्र घातलेली ही कोण पाय दाबते आहे. तुझ्या टाचा भेगाळलेल्या होत्या, चिखलाच्या. त्यांतल्या काही भेगा माझ्या वाटणीच्या होत्या. मला तेवढं म्हणायचं होतं. तू डोळे मिटलेस आणि मला वाटलं, झोपली, उद्या म्हणू.

भात निसवायला आलं होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, तेव्हा तू गेलीस.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी दादा मला गोठ्यामागं घेऊन गेला. त्याला असं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं, शब्द शोधत. "तुझं आता सगळं शिक्षण झालं ना? मग त्या मॅडम तुला सांगतील. बरोबरीची झालीस तू त्यांच्या. बाकी काय नको. एवढंच विचार, माझ्याबद्दल काय वाईट बोलायची का."

मी म्हटलं, "दादा, शिकले म्हणूनच विचारू शकत नाही."

"हेच शिकायला गेलीस का पुण्याला? घरच्यांना काय उपेग मग?"

तुझेच शब्द, वहिनी. त्याला माहीतही नव्हतं. तो माझ्याशी बोलायचा थांबला. आईही मग माझ्या ताटात भाजी वाढली की भांडं जरा जोरात ठेवायची.

दादाला मी जे सांगितलं नाही ते तुला सांगते. मलाही विचारायचं आहे. त्याच्याहून जास्त. मॅडम रोज चहाला माझ्यासमोर बसतात. कपात बिस्कीट बुडवतात आणि बदली-बढतीचं बोलतात, आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत असते. तू जे बोललीस ते मला सगळं पाठ आहे. वेण्यांचं, शेंगांचं, सनदेचं, मी ते परत परत फिरवते आणि ते आता संपत आलं आहे, त्यात नवीन काही निघत नाही. पण मी न ऐकलेलं तुझं बोलणं अजून ह्या जगात आहे, टेबलाच्या पलीकडं, एका माणसाजवळ. एक वाक्य मिळालं तरी चाललं असतं. चांगलं, वाईट, आईला घातलेली शिवी, काहीही. तुझा आवाज त्यात असता. मी विचारलं तर मॅडम काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. पण न विचारण्याचं कारण ते नाही. तू एसटीत जे मांडीवर घेऊन बसली होतीस, ते काढून घ्यायचा हक्क मला नाही. तू दोन माणसांचं भात लावलंस ते मी ह्या दाराला कान लावावा म्हणून नाही.

पाटी परवा लागली. माझं नाव, पद, खाली नोंदणीचा नंबर. निळ्यावर पांढरी अक्षरं. मावशींनी पुसून दिली. मी बाहेर येऊन बाकावर बसून ती बघितली, तू जिथं बसायचीस तिथून. तिथून ती नीट दिसते. उजेड येतो तिच्यावर.

आणि काल बुधवारी त्याच बाकावर दादा बसला होता. भात कापायला आलंय, शेतात माणसं लागताहेत, आणि हा धुतलेला शर्ट घालून, टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला. हातात केसपेपर. माझ्या दाराकडं त्यानं बघितलं नाही. मावशींनी त्याला ओळखलं नाही. विचारलं, "कोणाला दाखवायचंय?"

त्यानं केसपेपरची घडी उलगडून सरळ केली. मग म्हणाला, "माझी बायको ज्यांच्याकडं यायची, त्यांना."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी आत जाऊन माझं दार लावून घेतलं. माझ्यासमोर एक मुलगा ठोकळे जुळवत होता. त्याच्यावर लक्ष ठेवलं, वेळ मोजला, अहवाल लिहिला, खाली सही केली. पलीकडून आधी दादाचा चढलेला आवाज आला. मग आला नाही.

तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. मी कॅन्टीनला घेऊन गेले, चहा मागवला. त्यानं बशीत ओतला, फुंकर घातली, प्यायला नाही.

"त्यांनी काय नाय सांगितलं," तो म्हणाला. आणि मग, "मीच बोलत बसलो."

मी काही विचारलं नाही, वहिनी. कॅन्टीनमध्ये नाही, आणि एसटी स्टँडवर सोडायला गेले तेव्हाही नाही. गाडीत बसल्यावर खिडकीतून तोच म्हणाला, पुढच्या बुधवारी परत बोलावलंय, पण कापणी पडलीये, तिच्या नावची सावड पण अजून फिटायची हाय, बघू कसं जमतं.

"तू ये," मी म्हटलं. "रविवारी मी येते कापायला. वहिनीच्या सावडीला."

"तुला विळा धरता येतो का अजून?"

बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडावर जरा हसू होतं. गाडी हलली. येतो का ते मलाही माहीत नाही. रविवारी कळेल. ओळ वाकडी गेली तर बाया हसतील, आई बोलेल, आणि मी सवयीनं मान वर करून बांधाकडं बघीन, तू काय म्हणतेस ते ऐकायला.